बाबांच्या नसा साफ आहेत, तरी हृदयाच्या पडद्याला रक्त कमी? सीआरटी मशीनने नक्की काय होतं?

रामबागी:
नमस्कार इंदूरकर मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, पोहे खाऊन मग वाचा. बाबांना (वय ६९) गेल्या पावसाळ्यापासून दम लागून राहिला आहे. आधी सगळे म्हणाले वय झालं, पण रामबागेतून राजवाड्यापर्यंत रोज पायी जाणारा माणूस गल्लीच्या तोंडाशी कोणाच्या तरी स्कूटरला टेकून उभा राहायला लागला तेव्हा दाखवलं. इकोमध्ये ईएफ (डावा कप्पा दर ठोक्याला त्यातलं किती टक्के रक्त बाहेर टाकतो ते) २८. ईसीजीत एलबीबीबी (डाव्या बाजूच्या वायरिंगचा ब्लॉक), क्यूआरएस (करंट खालच्या कप्प्यांत पसरायला लागणारा वेळ) १६४ मिलिसेकंद. त्याआधी एका ठिकाणी ट्रेडमिलवर पळवून थॅलियम स्कॅन केला होता, त्यात मधल्या पडद्याला (डाव्या-उजव्या कप्प्यांमधल्या भिंतीला) रक्त कमी पोचतंय असं आलं, म्हणून घाबरून अँजिओ केली तर नसा साफ! एकही ब्लॉक नाही. मग हार्ट फेल्युअरची औषधं सुरू झाली, चारही प्रकारची, तीन महिन्यांच्या वर झाले, ईएफ ३० झाला बस. आता डॉक्टर म्हणतात सीआरटी, म्हणजे दोन्ही बाजूंचा ताल जुळवणारा पेसमेकर, लावू.

पुण्याचे भाऊजी फोनवर म्हणतात नसा साफ तर मशीन कशाला, आणि रक्त कमी असेल तर मशीन काय रक्त वाढवणार आहे का. मला उत्तर देता आलं नाही. म्हणून विचारतो: नसांत अडथळा नाही तर पडद्याला रक्त कमी का? आणि पेसिंग केल्याने हृदयाचा स्वतःचा रक्तपुरवठा वाढतो, कमी होतो की काहीच होत नाही? कोणाला माहीत असेल तर सोप्या भाषेत सांगा, गूगल करून डोकं फिरलंय.

पोहेवाला_भिया:
भिया टेन्शन नका घेऊ. आमच्या मामांना पेसमेकर लावून कितीतरी वर्षं झाली, अजून सकाळी छप्पन दुकानवर जाऊन जलेबी हाणतात. लावून टाका, दोन दिवसांत घरी.

कॅथलॅबवाली:
पोहेवाला दादा, मामांना उदंड आयुष्य लाभो, पण मामांचं मशीन आणि हे मशीन वेगळं. मी गीता भवनच्या बाजूला एका कॅथलॅबमध्ये टेक्निशियन होते बरीच वर्षं, हा घोटाळा प्रत्येक नातेवाइकाचा होतो म्हणून सांगते.

साधा पेसमेकर हृदय फार हळू चालतं त्यांना. एक किंवा दोन तारा, दोन्ही उजव्या बाजूला. ठोका चुकला की मशीन देतं. रामबागींच्या बाबांचा ठोका हळू नाहीच मुळी, बरोबर ना? ७०-८० असेल. त्यांच्या हृदयाचा डावा अर्धा भाग उशिरा आवळतोय, कारण डाव्या बाजूची वायरिंग, म्हणजे लेफ्ट बंडल, काम करत नाही. करंट उजवीकडून स्नायूतून सरकत सरकत डावीकडे पोचतो. चांगल्या हृदयात हे सगळं ८०-१०० मिलिसेकंदात उरकतं, बाबांना १६४ लागताहेत. सीआरटीमध्ये तिसरी तार असते, ती कोरोनरी सायनस नावाच्या शिरेतून फिरवून डाव्या कप्प्याच्या बाहेरच्या भिंतीवर नेऊन ठेवतात. मग उजवी आणि डावी तार मिळून दोन्ही भिंती बरोबरीने आवळतात. आणि हो, कोरोनरी म्हटलं की लोक घाबरतात, नसेत तार घातली म्हणून. ती शीर आहे, हृदयाचं वापरलेलं रक्त परत नेणारी. ज्या धमनीची अँजिओ होते ती वेगळी.

पडद्याचं असं की एलबीबीबीमध्ये सगळ्यात आधी पडदा आवळतो, तेव्हा कप्प्यात दाबच नसतो, म्हणजे बिनकामाचा आवळतो. मग जेव्हा बाहेरची भिंत उशिरा जोर लावते तेव्हा पडदा आधीच सैल पडत असतो आणि तो उलट ताणला जातो. इकोवर बघितलंत तर पडदा एकदा आत दचकतो आणि मग भलतीकडे जातो, एकदा बघितलं की ओळखू येतं. जो स्नायू काम करत नाही त्याला शरीर रक्त कमी देतं. थॅलियममध्ये ते डागासारखं दिसतं. त्यामुळे एलबीबीबीवाल्यांना ट्रेडमिलवर पळवून थॅलियम करत नाहीत शक्यतो, ठोके वाढले की तो खोटा डाग अजून गडद होतो, अ‍ॅडिनोसिनचं इंजेक्शन देऊन करतात. तुमच्याकडे कोणी पळवलं ते मी विचारत नाही.

रामबागी:
ताई हे पहिल्यांदा कोणीतरी समजेल असं सांगितलं. म्हणजे पडद्याला रक्त कमी आहे कारण त्याला कामच नाही? मग ते वाईट आहे की नाही?

मालवा_डॉक्टर:
मी फिजिशियन आहे, कार्डिओलॉजिस्ट नाही, पण हार्ट फेल्युअरचे पेशंट रोजचे. बाबांचं काय करायचं ते तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं, मी फक्त यंत्रणा सांगतो. लांब होईल.

बाकी शरीराला रक्त मिळतं हृदय आवळतं तेव्हा. हृदयाच्या डाव्या भिंतीला स्वतःला मात्र मुख्यतः ते सैल पडतं तेव्हा मिळतं, कारण आवळताना भिंतीतल्या बारीक नसा चेपून जातात. बाहेर टाकलेल्या रक्ताच्या ५ टक्क्यांच्या आसपास रक्त विश्रांतीत हृदय स्वतःसाठी ठेवतं, आणि त्यातला साधारण ७० टक्के ऑक्सिजन काढूनच घेतं. पायाचा स्नायू असं करत नाही, तो बराचसा सोडून देतो आणि लागला तर नंतर जास्त ओढतो. हृदयाकडे ती शिल्लक नाही. त्याला जास्त ऑक्सिजन हवा असेल तर जास्त रक्तच यायला पाहिजे, दुसरा रस्ता नाही.

आता कोरोनरीत रक्त पुढे जातं कशाने? सगळे समजतात महाधमनीच्या दाबाने, मागून ढकललं जातं. ते आहेच. पण दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत असते: पुढून ओढलंही जातं. स्पंज पाण्यात दाबून सोडला की तो आपणहून पाणी ओढतो ना, तसं भिंत आवळून झटकन सैल झाली की आतल्या चेपलेल्या बारीक नसा उघडतात आणि रक्त आत खेचलं जातं. ही ओढ एक लहर बनून बारीक नसांकडून मागे महाधमनीच्या दिशेने जाते, लहर मागे जाते पण रक्त पुढे पळतं. डायस्टोल, म्हणजे सैल पडण्याचा काळ, सुरू होताना कोरोनरीत रक्ताचा जो मोठा लोंढा येतो तो मुख्यतः या लहरीचा. २००६ मध्ये लंडनच्या संशोधकांनी माणसांच्या कोरोनरीत दाब आणि वेग दोन्ही मोजणाऱ्या तारा घालून हे वेगळं काढून दाखवलं.

एलबीबीबीत गंमत अशी की आवळणंच नाही तर सैल पडणंही बेताल होतं. पडदा सैल, बाहेरची भिंत अजून आवळतेय. झटकन सगळी भिंत एकदम सुटायला हवी तर तुकड्यातुकड्याने सुटते. ओढ कमजोर. शिवाय आवळण्याचा काळ लांबतो म्हणून डायस्टोलचा वेळ खाल्ला जातो, आणि डायस्टोल म्हणजेच जेवणाची वेळ.

त्यात हार्ट फेल्युअरमध्ये कप्प्यात रक्त तुंबून आतला दाब वाढलेला, तो भिंतीच्या आतल्या थराला आतून दाबतो. म्हणून अँजिओत मोठ्या नसा स्वच्छ असूनही बारीक पातळीवर रक्ताची चणचण असते, गरज पडली तर वाढवायची ताकद, ज्याला फ्लो रिझर्व्ह म्हणतात, ती कमी असते. तुमच्या भाऊजींना हे सांगा. अँजिओ मोठ्या नसा दाखवते, भिंतीतल्या नाही.

तिरकस:
डॉक्टर साहेब हे सगळं वाचायला छान आहे पण मशीन लावल्याने ही ओढ वाढते हे कोणी मोजलंय का, की फक्त थिअरी? कारण किंमत ऐकली तर भिंत नाही, माणूसच सैल पडतो.

मालवा_डॉक्टर:
मोजलंय. २०१२ साली लंडनच्याच इंपिरियल कॉलेजच्या टीमने सीआरटी असलेल्या एलबीबीबीच्या पेशंटांमध्ये कोरोनरीत तार घालून, मशीन बंद आणि मशीन चालू अशा दोन्ही अवस्थांत मोजलं. दोन्ही बाजूचं पेसिंग चालू केल्यावर कोरोनरीतला वेग वाढला, आणि वाढ मुख्यतः त्या मागे जाणाऱ्या ओढीच्या लहरीमुळे आली. वरचे आणि खालचे कप्पे यांच्यातली वेळ नीट लावली तर परिणाम अजून चांगला. लहान अभ्यास, दहाच पेशंट, हे आधीच सांगून टाकतो नाहीतर तुम्ही सांगालच.

पण मला त्याहून आवडणारा अभ्यास २००० सालचा, जॉन्स हॉपकिन्सचा. तिथे त्यांनी कोरोनरी सायनसमधून रक्त घेऊन हृदय किती ऑक्सिजन खातं ते मोजलं. पेसिंग चालू केल्यावर कप्प्याचा जोर, म्हणजे दाब किती झपाट्याने चढतो ते, ४३ टक्क्यांनी वाढला आणि ऑक्सिजनचा खर्च ८ टक्क्यांनी कमी झाला. त्याच पेशंटांना डोब्युटामिन (हृदयाचा जोर वाढवणारं औषध) देऊन तेवढाच जोर आणला तर खर्च २२ टक्क्यांनी वाढला. आयसीयूत डोब्युटामिनवर असलेले पेशंट ज्यांनी बघितलेत त्यांना कळेल मी काय म्हणतोय. औषधाने घोडा चाबकाने पळवला जातो, आणि

बरं ते राहू द्या, एक उपमा पुरे झाली.

तिरकस:
हाहा. पण इथे मला एक खटकतंय. एकीकडे म्हणता कोरोनरीतला प्रवाह वाढला, दुसरीकडे म्हणता ऑक्सिजन कमी लागला. कमी लागत असेल तर प्रवाह वाढायचं कारण काय? दोन्ही कसं?

मालवा_डॉक्टर:
हाच खरा प्रश्न आहे आणि कॉन्फरन्समध्येसुद्धा यावर लोक गोंधळतात.

पेट स्कॅनवर सीआरटीच्या आधी आणि नंतर विश्रांतीतला एकूण प्रवाह बघितला तर बहुतेक अभ्यासांत फारसा फरक दिसत नाही. वाटणी बदलते. आधी पडद्याला कमी आणि बाहेरच्या भिंतीला जास्त होतं, कारण सगळा भार ती एकटी उचलत होती, मशीननंतर दोन्हीकडे सारखं व्हायला लागतं. आणि जोर लावायला सांगितलं तर प्रवाह वाढवायची ताकद, तो रिझर्व्ह, काही अभ्यासांत सुधारलेला दिसतो. तारेने मोजतात तेव्हा मोठ्या नसेतला वेग त्या क्षणी, स्विच चालू-बंद करून मोजतात. पेटमध्ये महिन्यांनंतर स्नायूच्या प्रत्येक ग्रॅमला किती ते मोजतात. दोन वेगळ्या गोष्टी.

म्हणून भाऊजींच्या प्रश्नाला सरळ उत्तर: मशीन काही ब्लॉक उघडत नाही आणि एकूण रक्ताचा आकडा मोठा करून देईल असंही नाही. त्याच रक्तात काम जास्त होतं, ओढ नीट होते, आणि पडदा कामाला लागला की त्याच्या वाट्याचं रक्त त्याला मिळतं. पुढे महिन्यांत कप्पा लहान झाला, मायट्रल व्हॉल्व्हची गळती कमी झाली, आतला दाब उतरला की आतल्या थराची चेपणूकही कमी होते. तो फायदा हळूहळू.

रामबागी, तुम्ही विचारलं होतं की पडद्याला रक्त कमी असणं वाईट की नाही. रक्त कमी आहे म्हणून पडदा मरत नाही सहसा, तो उपाशी नाही, बेकार आहे. पण बाहेरची भिंत वर्षानुवर्षं एकटी राबून जाड होते आणि पडदा पातळ पडत जातो. हॉलंडच्या मास्ट्रिख्टमध्ये कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांत नुसतं लेफ्ट बंडल तोडून हे सगळं होताना दाखवलंय, बाकी हृदय ठणठणीत असताना.

पोहेवाला_भिया:
मग ठोके वाढवून दिले मशीनमधून, ८० चे १००, तर अजून रक्त नाही मिळणार का? सोपं ना.

मालवा_डॉक्टर:
उलटं होईल भिया. ६० ठोक्यांना एक ठोका एक सेकंदाचा, त्यात आवळणं साधारण एक तृतीयांश, बाकी सगळं सैल. १२० ला अर्धा सेकंद, त्यातलं निम्मं आवळण्यातच जातं. ठोके वाढले की कापला जातो तो डायस्टोल. जेवणाची वेळ कमी आणि काम जास्त. बीटा ब्लॉकर देऊन आम्ही ठोके खाली का ठेवतो त्याचं एक कारण हेच.

विश्वामित्री:
मी बडोद्याची, माहेर इंदूरचं म्हणून या ग्रुपवर. आमच्या सासूबाईंचं सांगते, कारण इथे सगळे पेसिंग म्हणजे फायदाच असं धरून चाललेत. त्यांना पूर्ण हार्ट ब्लॉक (नसांचा नाही, करंटचा) झाला होता, चक्कर येऊन देवघरात पडल्या, ठोके ३४. साधा पेसमेकर बसवला, तार उजव्या कप्प्याच्या टोकाला. छान झाल्या. त्यांचं हृदय तेव्हा एकदम ठीक होतं, ईएफ ६०. मशीन शंभर टक्के चालायचं कारण स्वतःचा ठोका खाली पोचतच नव्हता. दोनेक वर्षांनी पाय सुजायला लागले, रात्री तीन उशा लागायला लागल्या, आणि ईएफ ३५! अँजिओ पुन्हा साफ. एका मोठ्या हॉस्पिटलने आधी सांगितलं वयामुळे, नंतर थायरॉईड, मग एका तरुण डॉक्टरने मशीन तपासून म्हटलं की हे मशीनमुळेच झालंय. आम्हाला विश्वासच बसेना. जीव वाचवायला लावलेलं मशीन हृदय कसं बिघडवेल?

कॅथलॅबवाली:
होतं असं विश्वामित्री ताई. उजव्या टोकाला तार लावून सतत पेसिंग केलं की आपणच कृत्रिम एलबीबीबी तयार करतो, करंट उजवीकडून सुरू होतो आणि डावी भिंत मागे राहते. पेसिंगच्या जागेजवळचा स्नायू आधी आवळतो, बिनकामाचा, आणि तिथलं रक्तही घटतं, अगदी रामबागींच्या बाबांच्या पडद्याचीच गोष्ट, फक्त जागा बदलली. सगळ्यांना होत नाही, काही लोक वीस वर्षं आरामात काढतात (पोहेवाल्यांचे मामा). पण ज्यांचं पेसिंगचं प्रमाण जास्त, ज्यांचा ईएफ आधीच कमी, त्यांना धोका जास्त. २००२ मध्ये डेव्हिड नावाची ट्रायल आली होती, आयसीडी (गरज पडली तर शॉक देणारं मशीन) असलेल्या पेशंटांमध्ये उजवं पेसिंग सतत चालू ठेवलेल्या गटात हार्ट फेल्युअर आणि मृत्यू जास्त निघाले, तेव्हा आमच्या लॅबमध्ये सगळ्या मशीनची सेटिंग्ज बदलायला बोलावणी गेली होती. मग २०१३ ला ब्लॉक एचएफ आली, त्यात हार्ट ब्लॉकच्या पेशंटांचा ईएफ ५० किंवा खाली असेल तर सुरुवातीपासून दोन्हीकडचं पेसिंग बरं असं दिसलं. पुढे काय केलं सासूबाईंचं?

विश्वामित्री:
डाव्या बाजूची तार वाढवली, त्याला अपग्रेड म्हणाले. ईएफ ४८ पर्यंत आला, उशा एकीवर आल्या. पण एक मजा सांगते, घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी डाव्या कुशीवर झोपल्या की पोट उडायचं. खरोखर, बरगडीच्या खाली, ठोक्याच्या तालावर टक टक, साडीवरून दिसायचं. सासरे म्हणाले उचकी आहे, पाणी पी. बारीक कळ आली असेल म्हणून मी ओवा दिला! मशीनवाल्या मुलाने लॅपटॉप लावून दोन मिनिटांत बंद केलं.

कॅथलॅबवाली:
फ्रेनिक नर्व्ह, म्हणजे श्वासाचा पडदा (डायाफ्राम) हलवणारा मज्जातंतू. डाव्या बाजूची शीर आणि तो शेजारी शेजारी असतात, तारेचा करंट डायाफ्रामला पण लागतो. आता त्या तारेला चार टोकं असतात, दुसऱ्या टोकावरून पेसिंग करून टाळता येतं. उजवी कूस, डावी कूस, बसून, सगळ्या पोझिशनमध्ये तपासून मगच घरी सोडायला हवं. रामबागी, डिस्चार्जच्या दिवशी बाबांना डाव्या कुशीवर झोपवून बघायला सांगा.

रामबागी:
सगळं लिहून घेतो आहे. काल डॉक्टरांना भेटलो, तुमचे सगळे प्रश्न घेऊन गेलो तर ते जरा चकितच झाले. त्यांनी अजून एक पर्याय सांगितला, लेफ्ट बंडल पेसिंग. म्हणाले तीन तारांचं न करता पडद्यातून एक तार आत फिरवून थेट डाव्या वायरिंगला लावतात, आणि बाबांच्या केसमध्ये दोन्ही शक्य आहे, कोरोनरी सायनसची शीर नीट मिळाली नाही तर हे करू. हे काय नवीन?

कॅथलॅबवाली:
फार नवीन नाही राहिलं आता. वायरिंग तुटली तर तुटलेल्या जागेच्या पुढे जाऊन जोडायची ही कल्पना. २००० साली पेन्सिल्वेनियातले डॉक्टर प्रमोद देशमुख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिस बंडलवर (लेफ्ट बंडल जिथून फुटतं त्या मुख्य वायरवर) कायमचं पेसिंग माणसात करून दाखवलं, होय, आपल्यातलेच आडनाव बघून सगळ्या लॅबला आनंद झाला होता. पण हिसची जागा एवढीशी, तार बसायला कठीण आणि करंट जास्त लागायचा, बॅटरी लवकर संपायची. मग २०१७ मध्ये चीनच्या वेनझोऊमधल्या हुआंग यांच्या टीमने पडद्यात स्क्रूसारखी तार खोल फिरवत लेफ्ट बंडलपर्यंत नेली, आणि एलबीबीबी असलेल्या हार्ट फेल्युअरच्या पेशंटमध्ये क्यूआरएस बारीक करून दाखवला. ते करायला सोपं निघालं म्हणून जगभर पसरलं, आपल्याकडेही खूप होतं. तार पडद्यात किती आत गेली ते ईसीजीवर बघत बघत फिरवायचं असतं, कमी गेली तर उपयोग नाही, जास्त गेली तर आरपार डाव्या कप्प्यात. हात बसलेला असला पाहिजे, एवढंच बघा. किती केलेत ते बिनधास्त विचारा, चांगला डॉक्टर रागावत नाही.

तिरकस:
आणि रक्तप्रवाहाच्या दृष्टीने कुठलं बरं?

मालवा_डॉक्टर:
तत्त्वाने बघितलं तर लेफ्ट बंडल पेसिंग निसर्गाच्या जवळचं, कारण डावी बाजू तिच्याच वायरिंगमधून चालते, भिंत एकदम आवळते आणि एकदम सुटते. सीआरटीत दोन टोकांवरून दोन लाटा येऊन मध्ये भेटतात, एलबीबीबीपेक्षा खूप बरं पण अगदी नैसर्गिक नाही. पण मोठा पुरावा, म्हणजे माणूस जास्त जगतो का, हा अजून तरी सीआरटीच्या बाजूने जास्त आहे. २००५ ची केअर एचएफ, ८१३ पेशंट, नुसत्या औषधांच्या तुलनेत मृत्यूचा धोका ३६ टक्क्यांनी कमी. तेवढा जुना आणि तेवढा पक्का आकडा दुसऱ्या पद्धतीकडे नाही. २०२३ च्या अमेरिकन गाइडलाइनमध्ये मात्र सीआरटी नीट बसत नसेल तर हा पर्याय रीतसर आलाय.

तिरकसनी विचारायच्या आधी अजून एक. सगळ्यांना उपयोग होत नाही. साधारण तीनपैकी एकाला मनासारखा फरक पडत नाही. आणि क्यूआरएस बारीक असेल तर लावूच नये, २०१३ मध्ये १३० पेक्षा कमी क्यूआरएसवाल्यांवर इको सीआरटी ट्रायल झाली, ती मध्येच थांबवावी लागली, मशीनवाल्या गटात मृत्यू जास्त निघाले. ताल बिघडलेलाच नसेल तर बाहेरून ताल देऊन बिघडवतोय आपण. तुमच्या बाबांचं १६४ आणि पक्का एलबीबीबी, ईएफ ३०, औषधं तीन महिने झालेली, नसांत अडथळ्याची जखम नाही. ज्यांना फायदा व्हायची शक्यता जास्त त्या गटात बसतात.

अण्णा_सुदामानगर:
मी वाचतो आहे गप्प बसून. मला सीआरटी आहे. वय ७४. पोरांनो, प्रवाह लहर सगळं ठीक, पण इंदुरात राहून हार्ट फेल्युअरचा पेशंट सांभाळायचा म्हणजे जीरावनशी (इथल्या खारट मसाल्याशी) लढाई आहे. पोह्यावर जीरावन, काकडीवर जीरावन, वर लौंग सेव, आणि मग संध्याकाळी वजन एक किलो वाढलं म्हणून डॉक्टरला फोन. मशीन बसल्यावर मला वाटलं आता सुटलो. डॉक्टर म्हणाले अण्णा मशीन मिठाला ओळखत नाही. आता आमच्या हिच्या हातचे पोहे, लिंबू जास्त, कोथिंबीर जास्त, मीठ नावाला. रोज सकाळी लघवीनंतर वजन, कॅलेंडरवर लिहून.

इंडक्शन चुलीवर वाकून बघू नका, हातभर लांब राहा, मोबाईल डाव्या खिशात ठेवू नका. बाकी सराफ्यात फिरा.

रामबागी:
अण्णा मोठ्ठा नमस्कार. बाबांना हे वाचून दाखवलं, जीरावनच्या ठिकाणी त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं. डॉक्टर, मशीन बसल्यावर ते नीट काम करतंय हे आम्हाला कसं कळणार? इको परत कधी?

मालवा_डॉक्टर:
सहा महिन्यांच्या आसपास इको करतात साधारणपणे, कप्पा लहान झालाय का, ईएफ वाढलाय का. त्याआधी ईसीजीत क्यूआरएस बारीक दिसला पाहिजे. आणि दर तपासणीला मशीनच्या रिपोर्टमध्ये दोन्हीकडच्या पेसिंगची टक्केवारी असते, ती बघायला शिका. ९८ च्या वर हवी. कारण मशीन जेव्हा जेव्हा चुकतं तेव्हा हृदय परत एलबीबीबीत जातं, म्हणजे तेवढे ठोके पुन्हा बेताल, ओढ पुन्हा कमजोर. ९० चांगले मार्क वाटतात पण इथे नाहीत. कमी येण्याची नेहमीची कारणं म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन (वरच्या कप्प्यांचा बेताल) आणि मध्येच येणारे जादा ठोके, पीव्हीसी. औषध बदलून किंवा अ‍ॅब्लेशन करून (गडबड करणारी जागा तारेने निकामी करून) ते आवरता येतात.

अण्णा_सुदामानगर:
थांबा थांबा. माझ्या मागच्या रिपोर्टमध्ये ९१ लिहिलंय. मला तिथल्या मुलाने सांगितलं अण्णा फर्स्ट क्लास.

मालवा_डॉक्टर:
अण्णा, दम वाढलाय का हल्ली? पायऱ्या चढताना?

अण्णा_सुदामानगर:
थोडा. मी म्हटलं थंडी आहे, गराडू जास्त झाले.

मालवा_डॉक्टर:
उद्याच फोन करा तुमच्या डॉक्टरांना आणि ९१ चा आकडा स्वतः सांगा. बहुतेक २४ तासांचं होल्टर (अंगावर बांधायचा ईसीजी) लावतील, जादा ठोके किती आहेत ते मोजायला. मशीन कधीकधी अर्धवट ठोकेसुद्धा पेसिंगमध्ये धरतं, त्यामुळे खरा आकडा ९१ पेक्षाही कमी असू शकतो.

कॅथलॅबवाली:
अण्णा, रिपोर्टचा कागद आणि मशीनचं कार्ड दोन्ही घेऊन जा. आणि एकटे जाऊ नका, काकूंना न्या, तुम्ही तिथे सगळं ठीक आहे म्हणून सांगाल.

अण्णा_सुदामानगर:
फोन केला. सोमवारी होल्टर लावताहेत, मंगळवारी काढणार. तोवर अंघोळ करायची नाही म्हणे. हिला सांगितलं तर म्हणते थंडीत तसंही कुठे रोज करता.